बापाचा शब्द आणि मुलाची वाट : शहरी हिंसेच्या चित्रपटांतील घडणीची कथा

कादंबरीचा अभ्यास करताना ‘घडणीची कथा’ हा प्रकार आपण पाहिला. पौगंडावस्थेतील किंवा तरुण नायक घराबाहेर पडतो, जगाशी त्याची गाठ पडते, काही भ्रम गळून पडतात आणि कथेच्या अखेरीस तो पहिल्यासारखा राहत नाही. मराठीत या प्रकारचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणून आपण भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीचा विचार केला होता. प्रस्तुत घटकात हाच प्रकार चित्रपटाच्या माध्यमात, आणि तोही एका विशिष्ट परिस्थितीत पाहावयाचा आहे. शहराच्या दाट, श्रमिक वस्तीत, टोळ्यांच्या सावलीत एखादा मुलगा मोठा होतो तेव्हा त्याच्या घडणीत बापाचे स्थान कोणते असते, हा आपला प्रश्न आहे.

‘कोसला’तील एक गोष्ट प्रथम लक्षात आणून देतो, कारण पुढील सर्व विवेचनाला तिचा आधार लागणार आहे. पांडुरंग सांगवीकर आणि त्याचे वडील यांचे पटत नाही. वडिलांचा करारीपणा, व्यवहारीपणा आणि घरावरील सत्ता त्याला जाचते. पुण्यात तो वडिलांचाच पैसा खर्च करतो, अपयशी होतो आणि शेवटी सांगवीला परततो. या परतण्याचा अर्थ अनेक समीक्षकांनी अनेक प्रकारे लावला आहे. परंतु परतण्यासाठी सांगवी शिल्लक आहे, ही साधी वस्तुस्थिती सहसा कोणी अधोरेखित करीत नाही. घर आहे, जमीन आहे, त्यावर वडिलांचे नाव आहे. बापाशी भांडता यावे यासाठीसुद्धा बापापाशी काहीतरी असावे लागते. आता ज्या चित्रपटांचा आपण विचार करणार आहोत, त्यांतील बापांपाशी ते काहीतरी उरलेले नाही.

लॉस एंजेलिसमधील एक बाप

तुलनेसाठी प्रथम एक परदेशी चित्रपट घेऊ. ‘बॉईझ एन द हूड’ हा जॉन सिंगलटन यांचा पहिला चित्रपट १९९१ मध्ये प्रदर्शित झाला. सिंगलटन तेव्हा तेवीस वर्षांचे होते. पुढील वर्षी उत्कृष्ट दिग्दर्शनाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय आणि तोवरचे सर्वांत तरुण दिग्दर्शक ठरले. लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागातील ज्या वस्तीची कथा त्यांनी सांगितली, तिथेच ते वाढले होते.

कथा १९८४ मध्ये सुरू होते. दहा वर्षांचा ट्रे शाळेत मारामारी करतो म्हणून त्याची आई त्याला त्याच्या वडिलांकडे राहावयास पाठवते. आई आणि वडील विभक्त आहेत. वडिलांचे नाव फ्युरिअस स्टाइल्स. मुलगा आल्याबरोबर ते त्याच्या हातात दाताळे देतात आणि अंगणातील पाचोळा गोळा करावयास लावतात. रात्री घरात चोर शिरतो, वडील पिस्तूल झाडतात, चोर पळतो आणि पोलीस बऱ्याच उशिराने येऊन उलट त्यांच्याशीच तुसडेपणाने वागतात. पहिल्या काही प्रसंगांतच दिग्दर्शकाने वस्तीचा सगळा नकाशा मांडला आहे : बाहेर धोका आहे, कायदा उपयोगाचा नाही आणि घरात एक शिस्त आहे.

कथेचा उत्तरार्ध सात वर्षांनंतरचा आहे. रस्त्यापलीकडे राहणारे डोबॉय आणि रिकी हे दोघे भाऊ ट्रेचे मित्र. रिकी फुटबॉलच्या बळावर महाविद्यालयात जाण्याची स्वप्ने पाहतो. डोबॉय तुरुंगात जाऊन आलेला आहे. रिकीचा खून होतो. ट्रे वडिलांचे पिस्तूल उचलतो, वडील ते काढून घेतात, तरीही तो खिडकीतून निसटून सूड घ्यावयास निघालेल्या मित्रांच्या गाडीत बसतो. वाटेत मात्र तो गाडी थांबवायला सांगून उतरतो. त्या रात्री वडील घरात बसून आहेत, हातात दोन लोखंडी गोळे फिरवीत. मुलगा परत येतो, दोघे एकमेकांकडे पाहतात, आणि एकही शब्द न बोलता आपापल्या खोलीत जातात. बाप आणि मुलगा यांच्यातील इतका मितभाषी आणि इतका अर्थपूर्ण प्रसंग चित्रपटांत क्वचित आढळतो. तुम्ही हा चित्रपट पाहणार असाल तर या प्रसंगातील शांततेकडे लक्ष द्या.

आणखी एक प्रसंग आपल्या दृष्टीने याहूनही महत्त्वाचा आहे. फ्युरिअस दोन्ही मुलांना शेजारच्या कॉम्प्टन भागात नेतो आणि घरखरेदीच्या एका जाहिरातफलकासमोर उभा राहून जमिनीचे अर्थशास्त्र समजावतो. वस्तीतील जागांचे भाव आधी पाडले जातात, मग त्या स्वस्तात घेतल्या जातात, राहणारी माणसे हलवली जातात आणि भाव चढवून जागा विकल्या जातात, असे त्याचे म्हणणे आहे. जमलेल्यांतील एक वृद्ध गृहस्थ म्हणतो की भाव पाडतात ती ही पोरेच, गोळ्या झाडणारी. त्यावर फ्युरिअस विचारतो की या वस्तीत बंदुकीचे आणि दारूचे दुकान प्रत्येक कोपऱ्यावर का असते? काही टीकाकारांना हा प्रसंग व्याख्यानासारखा वाटला, आणि तो तसा आहेही. पण दिग्दर्शकाने ते व्याख्यान नेमके एका बापाच्या तोंडी घातले आहे. हिंसा, जमीन आणि पितृत्व हे तीन धागे तिथे एकत्र येतात. फ्युरिअस स्वतः घरकर्जाच्या व्यवसायात आहे आणि राहते घर सांभाळून आहे. म्हणूनच त्याला हे बोलण्याचा अधिकार आहे आणि मुलाला ते ऐकावेसे वाटते.

या चित्रपटावर एक आक्षेप घेतला गेला, तो नोंदवणे आवश्यक आहे. ट्रे वाचतो कारण त्याला बाप आहे. डोबॉय आणि रिकी यांच्या घरात बाप नाही, म्हणून ते मरतात, असे सरळ समीकरण चित्रपट मांडतो. एकट्या आईने वाढवलेली मुले बिघडतात, असा त्याचा ध्वनी निघतो. हा आक्षेप मला बऱ्याच अंशी योग्य वाटतो. त्याची परीक्षा करण्यासाठी आपल्याकडील चित्रपट फार उपयोगी पडतात, कारण त्यांत बाप घरातच असतो आणि तरीही मुलगा हातातून जातो.

गिरणगाव : बाप आहे, गिरणी नाही

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. इतिहासाच्या पुस्तकांत त्याची नोंद कामगार चळवळीचा पराभव अशी होते. चित्रपटाच्या अभ्यासकाने त्याकडे घराच्या आतून पाहिले पाहिजे.

गिरणीत काम कसे मिळत असे, हे समजून घ्या. भरती बहुतांशी ओळखीने, नात्यागोत्याने, गाववाल्याच्या शब्दावर होत असे. पूर्वी जॉबर हा मुकादम माणसे आणी. नंतरच्या काळातही नवा मुलगा आधी ‘बदली’ म्हणून गिरणीच्या दारात उभा राही, गैरहजर कामगाराच्या जागी त्याला दिवसभराचे काम मिळे आणि काही वर्षांनी तो कायम होई. त्या दारापर्यंत त्याला नेणारा बहुधा बाप, चुलता किंवा मामा असे. म्हणजे बापाच्या शब्दाला बाजारात किंमत होती. मुलगा शाळेत नापास झाला, वाया गेल्यासारखा वाटला, तरी बाप त्याला ‘चिकटवू’ शकत असे. घरातील बापाचा दरारा हा निव्वळ स्वभावाचा भाग नव्हता. त्यामागे साचेखात्यातील एक जागा होती.

संपाने पगार गेला, हे सर्वांना दिसले. ही जागाही गेली, हे उशिरा ध्यानात आले. अनेक कामगार कोकणात, घाटावर आपापल्या गावी निघून गेले. कापडाचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांकडे वळले. जे मागे राहिले त्यांच्या घरांत चाळिशी-पन्नाशीचा बाप दिवसा घरी दिसू लागला. चाळीतील मुलाला हे दृश्य नवे होते. त्याच वेळी गल्लीच्या टोकाला काम देणारी दुसरी मंडळी उभी होती. त्यांनाही ओळखीनेच माणसे लागत असत.

जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकाने हे घर प्रथम रंगमंचावर आणले. मंगेश कदम यांनी दिग्दर्शित केलेल्या या नाटकात ज्योती सुभाष यांनी आईची भूमिका केली होती. धुरी कुटुंबातील लेखक होऊ पाहणारा बाबा, क्रिकेटवेडा मोहन, टोळीकडे ओढला गेलेला नरू आणि त्यांची बहीण मंजू ही भावंडे एका खोलीत एकमेकांवर आदळत राहतात. नाटकाच्या केंद्रस्थानी आई आहे. तीच घर ओढते, तीच बोलते, तीच झाकते. सिंगलटनच्या चित्रपटावरील आक्षेपाला दिलेले उत्तर म्हणूनही हे नाटक वाचता येते. इथे आई कमी पडत नाही. तिच्या पलीकडची सबंध व्यवस्था कोसळलेली आहे.

याच नाटकावर आधारित ‘लालबाग परळ’ हा चित्रपट महेश मांजरेकर यांनी २०१० मध्ये केला; त्याची हिंदी आवृत्ती ‘सिटी ऑफ गोल्ड’ या नावाने आली. शशांक शेंडे यांनी साकारलेला अण्णा धुरी हा संपावरील कामगार. अण्णा मुलांवर ओरडत नाही असे नाही, परंतु त्याचा आवाज खोलीच्या उंबरठ्याबाहेर जात नाही. नरूचा आवाज मात्र गल्लीत ऐकला जातो. दोघांच्या आवाजाचा हा पल्ला मोजत हा चित्रपट पाहावा, असे मी सुचवीन. ही कथा गिरण्यांच्या जमिनीपर्यंत जाते, हेही महत्त्वाचे आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनींचा विकास करण्यास वाट मोकळी झाली आणि पुढे त्या जागांवर मॉल आणि मनोरे उभे राहिले. फ्युरिअसने जाहिरातफलकासमोर जे सांगितले, ते परळमध्ये घडले. फक्त ते मुलाला समजावून सांगणारा बाप तिथे नव्हता.

मांजरेकर यांच्याविषयी एक निरीक्षण नोंदवतो. १९९९ मध्ये त्यांनी ‘वास्तव’ केला : चाळीतील सालस बाप, पावभाजीची गाडी चालवणारा मुलगा, एका भांडणात घडलेला खून आणि तिथून टोळीत प्रवेश. त्यात अखेरची गोळी आई झाडते. रीमा लागू यांनी केलेली ती भूमिका सर्वांच्या स्मरणात आहे. शिवाजी साटम यांचा बाप मात्र कितीजणांना आठवतो? २०१० मध्ये ‘लालबाग परळ’ आणि २०२१ मध्ये ‘अंतिम’. दर अकरा वर्षांनी हा दिग्दर्शक त्याच घराच्या दारात येऊन उभा राहिला आहे. ‘अंतिम’ हा ज्या मराठी चित्रपटाचा हिंदी अवतार आहे, त्याकडे आता वळू.

सातबाऱ्यावरील नाव

प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ २०१८ मध्ये आला. त्यातील हिंसा पुणे शहरातील असली तरी तिचे मूळ शहराच्या वेशीवर, मुळशी तालुक्यातील विकल्या गेलेल्या शेतीत आहे. मोहन जोशी यांनी रंगवलेला सखाराम पाटील हा जमीन विकून बसलेला शेतकरी. पैसा संपतो, पाटीलकीचा मान संपतो आणि कुटुंब शहरात मोलमजुरीला लागते. ओम भूतकर यांनी साकारलेला मुलगा राहुल गुन्हेगारीकडे वळतो. त्याचा संताप शहरावर आहे, बिल्डरवर आहे, पण सर्वांत खोलवर तो बापावर आहे.

गिरणी कामगाराची नोकरी गेली त्यात त्याचा अपराध नव्हता. मुलगा त्याची कीव करू शकतो. सखारामने मात्र जमीन स्वतःच्या सहीने दिलेली आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर खातेदार म्हणून बापाचे नाव असते आणि त्याच्या पश्चात वारस म्हणून मुलांची नावे लागतात. म्हणजे तो कागद बापाचा जितका, तितकाच मुलाच्या भविष्याचा असतो. जमीन विकली जाते तेव्हा मुलाचे नाव लागण्यापूर्वीच खोडले जाते. ‘कोसला’तील पांडुरंगाला परतण्यासाठी सांगवी होती, असे सुरुवातीला म्हटले ते या संदर्भात आठवा. राहुलला परतण्यासाठी गाव आहे, पण त्या गावात त्याच्या मालकीचा बांधही नाही.

हे वाचताना तुमच्यापैकी ठाणे, कल्याण-डोंबिवली परिसरातील विद्यार्थ्यांना मुळशीला जाण्याची गरज भासणार नाही. माजिवड्याचे उदाहरण घ्या. पूर्व द्रुतगती महामार्ग, नाशिककडे जाणारा महामार्ग आणि घोडबंदर रस्ता जिथे मिळतात तो माजिवड्याचा चौक आज उड्डाणपुलांच्या नावाने ओळखला जातो. पुलाखालून आत वळले की जुने गावठाण लागते. जमिनीच्या दप्तरात ‘मौजे माजिवडे’ ही नोंद अजून आहे. त्या मौजेतील सर्व्हे नंबरांवर आता बहुमजली गृहसंकुले उभी आहेत. ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी, म्हणजे गिरणी संपाच्याच वर्षी, आसपासची गावे सामावून घेऊन स्थापन झाली. १९९१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे ८ लाख होती, २०११ मध्ये ती १८ लाखांहून अधिक झाली. एवढी माणसे राहण्यासाठी जागा कोणाच्या तरी शेतातूनच निघाली.

शेताबरोबर कारखानेही गेले, हे माजिवड्याचे वैशिष्ट्य आहे. कापूरबावडी, बाळकुम, कोलशेत, पोखरण रस्ता आणि वागळे इस्टेट या पट्ट्यात एके काळी भोंग्यावर दिवस चालत असे. ठाण्यातील रेमंडची गिरणी २००९ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागेवरही आता घरे बांधली जात आहेत. म्हणजे गिरणगावचा बाप आणि मुळशीचा बाप हे दोघेही, एक वेतनचिठ्ठी गमावलेला आणि एक सातबारा गमावलेला, या चौकाच्या चारी बाजूंना शेजारी राहिले. माजिवड्यातील मुले टोळ्यांत गेली असा याचा अर्थ कृपया काढू नये. बहुतेक मुले शिकली, नोकरीला लागली, रिक्षा घेतली, जिम काढली, काहींनी तुमच्यासारखा दूरशिक्षणाला प्रवेश घेतला. चित्रपट नेहमी टोकाचा मुलगा निवडतो. त्याच्या टोकाच्या कथेतून मधल्या हजारो घरांतील अबोला कळावा, अशी अपेक्षा असते.

दोन अडचणी

वरील विवेचनावरून कोणी असा निष्कर्ष काढील की जमीन किंवा नोकरी गेली म्हणजे मुलगा गुन्हेगार होतो. या निष्कर्षाला अभिजित पानसे यांचा ‘रेगे’ (२०१४) हा चित्रपट अडथळा आणतो. आरोह वेलणकर यांनी रंगवलेला अनिरुद्ध रेगे सुशिक्षित मध्यमवर्गीय घरातील आहे. त्याच्या घरातून काहीही हिरावले गेलेले नाही. त्याला खेचते ते टोळीयुद्धाचे आणि चकमकींचे आकर्षण. इथे बापाचा शब्द कमकुवत का पडतो? मुलाला ज्या जगाविषयी कुतूहल आहे त्या जगाची भाषाच बापाला अवगत नाही, हे मला त्याचे एक कारण दिसते. अभावाचे स्पष्टीकरण या घराला लागू पडत नाही, हे मान्य करूनच पुढे जावे.

दुसरी अडचण चित्रपट या माध्यमाचीच आहे. कादंबरीत टोळीतील मुलाचे वर्णन वाचताना त्याचा घाम, त्याची भीती लेखक आपल्याला देऊ शकतो. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’ने (१९६५) नाक्यावरील पोरांना कसलीही झळाळी न देता उभे केले, आणि त्याबद्दल अश्लीलतेचा आरोप सोसला. पडद्यावर मात्र पार्श्वसंगीत वाजते, चाल मंद होते, गळ्यातील सोने चमकते आणि ज्या वाटेविषयी दिग्दर्शक सावध करू पाहतो तीच वाट सुंदर दिसू लागते. ‘मुळशी पॅटर्न’चा पूर्वार्ध या मोहात सापडला आहे, असे माझे मत आहे. प्रेक्षागृहातील शिट्ट्या सखारामसाठी वाजत नाहीत. ‘बॉईझ एन द हूड’मध्ये हा मोह तुलनेने कमी आहे, कारण तिथे सूड घेऊन परतलेला डोबॉय दुसऱ्या दिवशी पायरीवर बसून रडवेल्या आवाजात बोलतो आणि पडद्यावरील अक्षरे आपल्याला सांगतात की दोन आठवड्यांनी त्याचाही खून झाला.

या सर्व कथा मुलग्यांच्या आहेत, हेही नजरेतून निसटू देऊ नका. ‘अधांतर’मधील मंजूचीही घडण होत असते, तिच्याही वाटा बंद होत असतात, पण तिच्या वाट्याला स्वतंत्र चित्रपट आलेला नाही.

या घटकावरील गृहपाठ लिहिताना कथानक सांगण्यात पाने खर्च करू नयेत. वर उल्लेखिलेल्या चित्रपटांपैकी कोणताही एक पाहा आणि त्यातील बाप व मुलगा एकाच चौकटीत असलेले तीन प्रसंग निवडा. प्रत्येक प्रसंगात कोण उभे आहे, कोण बसलेले आहे, बाप काय करीत असताना दिसतो, त्याच्या हातात काय आहे आणि बोलणे कोण संपवतो, हे प्रथम टिपून घ्या. अर्थ नंतर लावा. ज्यांच्या घरात गिरणी, कारखाना किंवा शेती यांपैकी काही होते, त्यांनी एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला विचारावे की पहिले काम कोणाच्या शब्दावर मिळाले आणि तो शब्द त्यांना स्वतःच्या मुलासाठी टाकता आला का. मिळालेले उत्तर त्यांच्याच शब्दांत, सुधारणा न करता, एका पानात लिहून गृहपाठाला जोडावे.